होडीची फळी आणि इंजिनाचा पाय

बीड जिल्हा म्हटला की दुष्काळ आणि ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे डोळ्यांपुढे येतात. होडी येत नाही. परंतु जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे, मांजरेवर धनेगावचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी काठ सोडले, तेव्हा वेढलेल्या वस्त्यांतून माणसे काढण्यास होडीच लागली. म्हणून होडीसंबंधीची एक बारीकशी, पण प्राणाशी गाठ असलेली गोष्ट आज समजून घेऊ.

अल्युमिनियमची लहान होडी हलकी असते; चार माणसे तिला उचलून पाण्यात सोडतात. तिच्या मागच्या उभ्या फळीवर बाहेरून इंजिन अडकवतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ च्या सुमारास अशी इंजिने विकण्यास आरंभ केला. इंजिनाचे डोके फळीवर राहते, पाय पाण्यात उतरतो आणि पायाच्या तळाशी पंखा फिरतो. पंख्याच्या किंचित वर एक आडवी चपटी पट्टी असते. तिचे काम वरची हवा पंख्यापर्यंत पोचू न देणे. आपल्या मोजमापाची खूण हीच पट्टी.

नियम सोपा आहे. इंजिन उभे धरले असता ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा फार तर एक इंच खाली असावी. यासाठी फळीच्या वरच्या काठापासून तळापर्यंतची उंची मध्यभागी मोजावी. सामान्यतः ती १५ किंवा २० इंच भरते, आणि इंजिनेही आखूड व लांब पायाची, त्याच मापांची मिळतात.

आता जोडी चुकली तर काय होते? २० इंची फळीवर १५ इंची इंजिन लावले, तर पट्टी तळाच्या पाच इंच वर राहते. पंखा हवा ओढतो, इंजिन मोठ्याने ओरडते आणि होडी मात्र पुढे सरकत नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्या छिद्रांतून आत जाते, तीही उघडी पडू शकतात. मग इंजिन तापून बंद पडते. प्रवाहात असे होणे म्हणजे होडी पुराच्या स्वाधीन करणे होय. उलट, १५ इंची फळीवर २० इंची इंजिन लावले, तर पाय उगाच खोल जातो, पाण्याचा अडथळा वाढतो, तेल अधिक जळते आणि बुडालेल्या कुंपणाला पंखा लवकर अडकतो.

उपाय काय? पाय इंच-दोन इंच लांब असेल, तर फळीच्या माथ्यावर टणक लाकडाची पट्टी बोल्टांनी पक्की बसवून इंजिन उचलता येते. पाय आखूड असेल, तर फळी कापण्याचा मोह धरू नये; मागचा काठ खाली आला की लाट सरळ आत येते. इंजिनच बदलावे.

माप जमल्यावरही पाण्यात परीक्षा घ्यावी. वळण घेताना इंजिन एकाएकी ओरडू लागले, तर ते थोडे खाली घ्यावे. सगळी माणसे पुढे बसली की मागची बाजू उचलते व तोच दोष उत्पन्न होतो. म्हणून भार सारखा वाटावा. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर गाळ किंवा पालापाचोळा अडकला असे समजून, होडी सुरक्षित जागी बांधून, इंजिन बंद करावे.

होडी घेताना आपण प्रथम अश्वशक्ती विचारतो. ती विचारावीच, आणि होडीला झेपेल तेवढीच घ्यावी. परंतु पंख्याला पाणी मिळाले नाही, तर ती शक्ती केवळ आवाजात जाते. गावच्या होडीचे हे माप उन्हाळ्यातच घेऊन ठेवावे. पूर दाराशी आल्यावर फूटपट्टी शोधण्यास सवड नसते.