गंजलेल्या हौद्याचा जीर्णोद्धार

तिवशाला आमच्या घरामागच्या गोठ्यात हल्ली बैल नाहीत. तिथे वडिलांची जुनी जीप-पिकअप उभी आहे. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. आमची त्याच कुळातली, पन्नाशी उलटलेली. भंगारवाला दोनदा डोकावून गेला. "अहो, विका एकदाची," हा घरातला सल्ला. पण याच हौद्यातून संत्री अमरावतीला गेली आणि आम्हा भावंडांची शिक्षणे झाली!

इंजिन जाम होते. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जोर नका लावू, मुरू द्या." सिलिंडरांत तेल-रॉकेल ओतले, आठवड्याने हँडल हलले.

गंज मोठा लबाड. तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. वरून रंग फासणे व्यर्थ! लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून चार्जरचे ऋण टोक त्यांना, धन टोक जुन्या लोखंडी पत्र्याला जोडावे, गंज सुटतो. हायड्रोजन निघतो, तेव्हा काम उघड्यावर, विडीशिवाय! मग लगेच रेड ऑक्साइड.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांवरील, व्यापारी वापरात नसलेल्या गाडीला 'विंटेज' नोंदणी मिळते. मात्र चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, रोजची रहदारीही नाही. म्हणून हौदा न बदलता ठिगळे लावतो आहोत. ब्रेकच्या नळ्या तेवढ्या नव्या. आठवणी जुन्या चालतात, वाचकहो, ब्रेक नव्हे!