जुन्या मोटारसायकलींसाठी वंगणतेलाची निवड

जुन्या मोटारसायकलींचे वंगणतेल म्हणजे अशा वाहनांचे इंजिन, गिअरबॉक्स, क्लच व पुढील फोर्क यांतील घर्षण आणि झीज कमी करण्यासाठी वापरले जाणारे तेल होय. भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने व मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ मानले जाते. अशा वाहनांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ असल्याने तेलाच्या निवडीतील चूक महागात पडते. सर्वांत नवे किंवा सर्वांत महाग तेल जुन्या यंत्राला मानवतेच असे नाही.

श्यानता

श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. व्यवहारात तिला तेलाचा दाटपणा म्हणतात. इंजिन तेलाची श्यानता एसएई या संस्थेच्या जे-३०० मानकानुसार अंकांनी दर्शविली जाते. एसएई ३० तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअस तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर एसएई ५० तेलाची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असते. ‘२०डब्ल्यू-५०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. असे बहुश्रेणी तेल थंडीत २०डब्ल्यू श्रेणीच्या तेलाप्रमाणे वाहते आणि तापल्यावर एसएई ५० इतका दाटपणा टिकवते.

जुन्या इंजिनांतील भागांमधील फटी आधुनिक इंजिनांच्या तुलनेत मोठ्या असतात आणि हवेने थंड होणारी इंजिने अधिक तापतात. त्यामुळे आधुनिक मोटारींसाठीचे ५डब्ल्यू-३० सारखे पातळ तेल त्यांत तापल्यावर पुरेसा थर धरत नाही. बुलेटच्या बिडाच्या इंजिनासाठी सामान्यतः २०डब्ल्यू-५० वापरतात.

गिअर तेलांची अंकपद्धती वेगळी आहे. एसएई ९० गिअर तेल हे अंकाने मोठे वाटले, तरी त्याची श्यानता साधारणपणे एसएई ४० ते ५० इंजिन तेलाइतकीच असते. दोन्ही पद्धतींचे अंक एकमेकांशी ताडून पाहणे चुकीचे ठरते.

पूरक द्रव्ये

तेलात मिसळलेली रासायनिक पूरके त्याचे गुणधर्म ठरवतात. झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे संयुग कॅम व टॅपेट यांच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करते. त्यातील फॉस्फरस मोटारीच्या उत्प्रेरक परिवर्तकास हानिकारक असल्याने, २००४ सालच्या एपीआय एसएम या श्रेणीत पातळ तेलांमधील फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. जुन्या मोटारसायकलीत असा परिवर्तक नसतो. तिच्या कॅमला मात्र या संयुगाची गरज असते.

प्रक्षालक पूरके काजळी व मळी तेलात तरंगत ठेवतात, म्हणजे ती गाळणीत अडकते. ज्या जुन्या इंजिनांत केवळ जाळी असते, त्यांत अशी मळी तळाशी बसू देणारी प्रक्षालकविरहित तेले वापरली जात. वर्षानुवर्षे मळी साचलेल्या इंजिनात एकदम प्रक्षालक तेल घातल्यास ती सुटून तेलाच्या वाटा बुजवू शकते. म्हणून असा बदल इंजिन उघडून साफ केल्यावर करणे श्रेयस्कर असते.

टू-स्ट्रोक इंजिने

जावा, येझदी व राजदूत या मोटारसायकलींच्या टू-स्ट्रोक इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळले जाते. १:२५ या प्रमाणात ५ लिटर पेट्रोलमध्ये २०० मिलिलिटर तेल लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन जाम होतो. जास्त झाल्यास धूर वाढतो, प्लग काळा पडतो व सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. नेमके प्रमाण त्या प्रारूपाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

या पद्धतीत तेल इंधनासोबतच येते. त्यामुळे लांब घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिनाने वेग रोखल्यास वंगणही जवळजवळ थांबते. अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडणे त्यासाठी आवश्यक असते. यामाहा आरएक्स १०० मध्ये तेलाची वेगळी टाकी व पंप असतो.

पूर्वी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल वापरले जाई. ‘कॅस्ट्रॉल’ हे व्यापारी नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. एरंडेल धातूला उत्तम चिकटते, परंतु कालांतराने चिकट राळ बनते व खनिज तेलात नीट मिसळत नाही. म्हणून ही दोन्ही तेले एकत्र करीत नाहीत.

गिअरबॉक्स व क्लच

जुन्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस व गिअरबॉक्स यांची वंगणव्यवस्था स्वतंत्र असते. गिअरबॉक्ससाठी मुळात अर्धप्रवाही ग्रीस सुचविले जाई. गिअर तेल वापरावयाचे असल्यास त्याची एपीआय श्रेणी पाहणे महत्त्वाचे असते. जीएल-५ श्रेणीतील गंधक-फॉस्फरसयुक्त पूरके तापल्यावर पितळ व कांसे यांवर रासायनिक क्रिया करू शकतात. कांस्याचे बुश असलेल्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ अधिक सुरक्षित मानले जाते.

क्लच तेलात बुडालेला असल्यास घर्षण कमी करणाऱ्या पूरकांमुळे तो घसरतो. यासाठी १९९८ साली जपानमध्ये जासो मानक निश्चित झाले. त्यातील ‘एमए’ श्रेणी ओल्या क्लचसाठी आहे. जावामध्ये क्लच व गिअरबॉक्स यांचे तेल सामाईक असल्याने तेथे दोन्ही निकष लागू होतात.

देखभाल

वापरलेल्या तेलात आम्ले व पाणी साचते. मोटारसायकल दीर्घकाळ उभी ठेवण्यापूर्वी तेल बदलल्यास बेअरिंगांना गंज लागत नाही. जुने तेल भारतीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते जमिनीवर किंवा गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचविणे अपेक्षित असते.