सातव्या गणपतीच्या गाण्यामागचा वाद्यवृंद

खालापूर तालुक्यात महडला वरदविनायकाच्या देवळाकडे जाताना हार-प्रसादाच्या दुकानांतून एक गाणं हमखास ऐकू येतं. ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं ‘अष्टविनायका तुझा महिमा कसा’. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ मध्ये बांधलेलं हे देऊळ. गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे असं सांगतात. गाण्यात महड सातवं येतं आणि त्यानंतर पाली. जगदीश खेबुडकरांनी आमच्या वाट्याच्या कडव्यात देवळाचं कौलारू साधेपण आणि मूर्ती जिथे सापडली ते तळं आणलं आहे. कर्जत-खोपोलीकडची माणसं त्या कडव्याला मान डोलावतात, ती आपल्या गावाचं नाव लागलं म्हणून.

गाणं कुणी लिहिलं, चित्रपट कुणाचा, नायक कोण, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चित्रपट १९७९ चा, राजदत्त यांचा, सचिन आणि वंदना पंडित यांचा. संगीत अनिल-अरुण यांचं. या जोडीतले अनिल म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण म्हणजे अरुण पौडवाल. मोहिले चाली बांधत, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या चालींना वाद्यवृंद देण्यात आणि त्या वृंदासमोर उभं राहून तो वाजवून घेण्यात गेला. ध्वनिमुद्रणाच्या दुनियेत या माणसाला अरेंजर-कंडक्टर म्हणत. मराठी तबकड्यांवर ‘संगीत संयोजन’ असं छापलेलं असे, तेही छापलं असेल तर.

मोहिल्यांना समोर वृंद वाजवून घेताना पाहायचं असेल, निदान कानांनी, तर १९७४ कडे जावं लागतं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. बाईंचा परदेशातला तो पहिला जाहीर कार्यक्रम, ओळख करून द्यायला दिलीपकुमार, आणि वाद्यवृंदाची सूत्रं अनिल मोहिल्यांच्या हातात. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि घरोघरी वाजल्या. स्टुडिओत गाणं चुकलं तर पुन्हा घेता येतं. इथे ती सोय नव्हती. वेगवेगळ्या संगीतकारांची, वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या स्टुडिओंत घडलेली गाणी एकाच संध्याकाळी एकाच वृंदाकडून वाजवून घ्यायची, आणि श्रोत्यांना तर मूळ तबकडी सुरावटीसकट पाठ. लता मंगेशकर ओळ सोडतात आणि वृंद ती उचलतो, त्या क्षणाकडे मी आवर्जून लक्ष देतो. तिथे कंडक्टरचा हात कळतो.

आता याच्या शेजारी झुबिन मेहता ठेवून पाहू. तेही मुंबईचेच. १९६२ ते १९७८ ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख होते आणि डेक्का कंपनीसाठी त्यांनी त्या वाद्यवृंदाची कितीतरी ध्वनिमुद्रणं केली. तबकडीवर कंडक्टरचं नाव मोठ्या अक्षरांत, वाद्यवृंदाचं नाव त्याच्याखाली. पुढे कुणालाही तो वारसा सलग मांडता येतो, कारण वृंदाला नाव आहे, घर आहे, दप्तर आहे. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदाला नावच नव्हतं. त्या त्या दिवशी, त्या त्या गाण्यासाठी वादक बोलावले जात. सकाळी ताडदेवच्या फेमसमध्ये, दुपारी वांद्र्याच्या मेहबूबमध्ये. गाणं झालं, पैसे मिळाले, वृंद मोडला. जगातल्या कुठल्याही वाद्यवृंदाइकतं ध्वनिमुद्रित काम या माणसांनी केलं असेल, पण ते एका नावाखाली कधी जमलं नाही. मला ही मोठी हानी वाटते.

त्या काळचं काम कसं चाले ते समजून घेण्यासारखं आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. अरेंजर सुरुवातीचं संगीत, कडव्यांमधले म्युझिक पीस आणि गाण्याच्या पाठीमागे चालणारे सूर रचून कागदावर उतरवी. व्हायोलिनच्या रांगेत गोव्याचे वादक पुष्कळ. त्यांच्यासमोर पाश्चात्त्य स्वरलिपीची पानं. सतार, बासरी, ढोलकीवाले आपापल्या वहीत सरगम टिपून घेत. दोन लिप्या आणि दोन शिस्तींची माणसं एका खोलीत, आणि मध्ये उभा कंडक्टर दोन्ही बोली बोलणारा. गायक काचेच्या छोट्या खोलीत. आधी रिहर्सल, मग मॉनिटर, मग टेक. सगळे एकदम वाजवत, त्यामुळे शेवटच्या ओळीत एक गज घसरला तरी गाणं पहिल्यापासून.

‘अष्टविनायक’मधलं संयोजन या मुशीतून आलेलं आहे. शीर्षकगीतात कडव्यांगणिक आवाज बदलतात, चाल वळणं घेते, कोरस आणि ठेका मात्र धरून ठेवतात. आठ ठिकाणं आणि तरी एक गाणं, हे साधणं सोपं नाही. याच चित्रपटात शांता शेळके यांचं ‘दाटून कंठ येतो’ आहे, वसंतराव देशपांडे यांनी गायलेलं आणि पडद्यावरही त्यांनीच साकारलेलं. लेकीची पाठवणी करणारा बाप. वसंतरावांचा गळा कुठल्या जागेवर कसा वळेल याचा नेम नसे, म्हणून वृंद तिथे मागे थांबतो, सूर भरून टाकत नाही. माझ्या मते मोहिले-पौडवाल जोडीची खरी समज शीर्षकगीतापेक्षा या गाण्यात दिसते. वाद्यं हाताशी असताना ती गप्प ठेवायला अनुभव लागतो.

१९९१ मध्ये अरुण पौडवाल गेले. त्याच वर्षी विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला, संगीत अनिल मोहिल्यांचं. अलका कुबल यांच्या या चित्रपटाला बायका ट्रकमधून, एसटीतून गेल्या हे आपल्या भागातल्या घराघरांत सांगितलं जातं. तोवर स्टुडिओ बदलत होते. आवाज एकेक करून ध्वनिमुद्रित करता येऊ लागले, सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनच्या रांगा आखडत गेल्या. मोहिले २०१२ मध्ये वारले.

कर्जत-खालापूरच्या लग्नांत बँडवाले आणि बेंजोवाले त्यांची गाणी अजून वाजवतात. वऱ्हाड निघताना क्लॅरिनेटवाला मुखडा वाजवतो, पण त्यावर थांबत नाही. मुखड्यानंतर ट्रम्पेट आणि कीबोर्ड मिळून मूळ तबकडीतला म्युझिक पीस वाजवतात, जमेल तेवढा जसाच्या तसा. एखाद्याने तो गाळून थेट कडवं धरलं तर मिरवणुकीतली पोरंच ओरडून त्याला मागे आणतात.