नागपूरचा विमानतळ आणि चौकोनाचे कर्ण

भारताच्या नकाशावर दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि मुंबई हे चार बिंदू जोडले, की एक चौकोन तयार होतो. त्याचे दोन्ही कर्ण काढून पाहू. ते एकमेकांना छेदतात ती जागा नागपूरजवळ येते.

या भूमितीचा उपयोग १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत झाला. चारही महानगरांतून रात्री विमाने निघत आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत.

यात काय साधले? चार शहरांच्या जोड्या सहा होतात. थेट सेवेसाठी सहा मार्ग हवेत. मध्ये केंद्र ठेवले तर चारच पुरतात. शहरे दहा असतील, तर ४५ मार्गांऐवजी १०!

पण केंद्र कर्णांच्या छेदनबिंदूजवळच का? त्या बिंदूपासून चारही शहरांच्या अंतरांची बेरीज दोन कर्णांच्या लांबीइतकी असते. बिंदू कर्णावरून हलला, की त्रिकोण तयार होतो. आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा नेहमी मोठी. म्हणून ही बेरीज छेदनबिंदूपाशीच सर्वांत कमी.

मग आज देशाचे सर्वांत मोठे हवाई केंद्र नागपूर का नाही? पत्र वळशाबद्दल तक्रार करत नाही, प्रवासी करतो. मुंबई-दिल्ली थेट अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे; नागपूरमार्गे ते सुमारे १५५० होते. जेट विमाने हे अंतर वाटेत न थांबता सहज कापतात. शिवाय प्रवाशांचे केंद्र वाढते ते जेथे मुळातच प्रवासी भरपूर असतात तेथे, म्हणजे दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत.

तरीही मध्यवर्ती स्थान वाया गेलेले नाही. हा आंतरराष्ट्रीय विमानतळ विदर्भाला आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांना देशाशी जोडतो. येथील नियंत्रक डोक्यावरून जाणाऱ्या असंख्य विमानांना मार्ग दाखवतात. आकाशात कोणी प्रवासी अत्यवस्थ झाला, तर विमान अनेकदा येथेच उतरवले जाते. २०१५ पासून येथे मोठी विमाने दुरुस्त करण्याचे केंद्रही आहे.

विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील चार मोठी गावे घेऊन कर्ण काढायला सांगावे. छेदनबिंदूवर एसटीचे मोठे स्थानक आहे का? नसेल, तर का नाही, याची चर्चा वर्गात जरूर घ्यावी.