शाळेत न जाता घरी शिकलेल्या मुलांना कॉलेजला प्रवेश मिळतो का? चौदाव्या वर्षीच ठरवा रस्ता

पोरगं हुशार आहे. घरी वाचतं, लिहितं, मोबाईलवर व्हिडिओ बघून गणितं सोडवतं. पण पाचवी-सहावीनंतर कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव नाही. अशी मुलं गावोगाव आहेत. कुणाचे आई-बाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. कुठं एसटीची वेळ जुळत नाही म्हणून मुलगी घरी राहिली. कुणी आजारपणात मागं पडलं. काही पालकांनी तर ठरवूनच घरी शिकवायला घेतलं. कारण काहीही असो, सोळा-सतराव्या वर्षी प्रश्न एकच येतो. आता कॉलेजचं काय?

प्रवेश मिळतो. पण घरी काय काय शिकलास, हे कॉलेज विचारत नाही. ते मान्यताप्राप्त मंडळाची गुणपत्रिका मागतं. अभ्यास झालेला असतो, कागद नसतो आणि वर्ष वाया जातं. म्हणून मूल चौदा वर्षांचं होईल तेव्हाच दहावी कोणत्या मंडळातून द्यायची हे ठरवलं पाहिजे.

चौदाच्या आतलं मूल असेल तर

मूल अजून चौदा वर्षांचं झालेलं नसेल आणि शाळेत परत जायची तयारी असेल, तर तो रस्ता सगळ्यात सोपा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं. वयाचा पुरावा किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

घरीच शिकायचं असेल तर पुढचे रस्ते आहेत.

17 नंबरचा फॉर्म

हा गावात सगळ्यांना ऐकून माहीत असतो. राज्य शिक्षण मंडळाची दहावी किंवा बारावी खाजगी विद्यार्थी म्हणून देण्यासाठी हा अर्ज भरतात. दहावीसाठी वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास असावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो एवढे कागद लागतात. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा निवडायची आणि मूळ कागद तिथं नेऊन द्यायचे. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांची कामंही त्याच शाळेतून होतात. म्हणून घराजवळची शाळा निवडा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना आधी भेटा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण नोंदणी त्याच्या कितीतरी महिने आधी, पावसाळ्याच्या सुमारास सुरू होते. दिवाळीनंतर जाग आली तर त्या वर्षीची गाडी चुकली असं समजा.

यात पुस्तकं नेहमीचीच, बालभारतीची. मराठी माध्यमात पाचवीपर्यंत शिकलेल्या मुलाला ती परकी वाटत नाहीत. गुणपत्रिकाही राज्य मंडळाचीच मिळते.

एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही केंद्र सरकारची संस्था 1989 पासून चालू आहे. तिच्या दहावीला किमान वय 14, बारावीला 15. दहावीला बसण्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी, या अभ्यासक्रमापुरतं शिक्षण झालं आहे असं स्वतःचं घोषणापत्र देता येतं. पाचवीचाही कागद नसलेल्या मुलाला ही फार मोठी सोय आहे.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय पास व्हावे लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. एका वेळी दोन विषय काढले, बाकीचे पुढच्या खेपेला काढले, असंही चालतं. ऊसतोडीवरून परतणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला हे सोयीचं पडतं. दहावीची पुस्तकं मराठीतही आहेत आणि संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

विषय मात्र जपून निवडा. इथं कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखा पाडलेल्या नाहीत. पुढं इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि डॉक्टरकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं. इंग्रजी दोन्हीकडं घ्यावं. सोपे विषय घेऊन पास झालेलं मूल पुढं त्या दारात अडतं. एकेकाळी मुक्त शाळेतून बारावी झालेल्यांना नीट परीक्षेला अडचण होती. न्यायालयात निकाल होऊन ती आता दूर झाली आहे.

राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी आणि दहावीच्या समकक्ष परीक्षा देता येतात. मूल लहान आहे आणि पाचवीचा कागदही नाही, अशा घरांनी याची चौकशी जरूर करावी. पाचवी-आठवीचा कागद हाती आला की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

वर्षांचा हिशोब

समजा मुलीला चौदा पूर्ण झाली आणि त्याच पावसाळ्यात 17 नंबरचा फॉर्म भरला. पुढच्या वर्षी पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती दहावी पास होते आणि शाळेत गेलेल्या मैत्रिणींबरोबरच अकरावीला बसते. तिचं काहीच बुडत नाही.

आता समजा पालकांना सतराव्या वर्षी जाग आली. अठराव्या वर्षी दहावी. 17 नंबरनं बारावी द्यायची तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे विसावं वर्ष. एनआयओएसमध्येही दहावी ते बारावी पूर्ण व्हायला साधारण तेवढंच अंतर धरावं लागतं. मुलीच्या बाबतीत तेवढ्यात घरात स्थळं यायला लागतात आणि पुस्तकं माळ्यावर जातात. तीन वर्षांचा उशीर कागदावर छोटा दिसतो, पण त्यात एखादीचं पुढचं सगळं शिक्षण जातं.

दहावीनंतर काय?

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात, खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजांचेही. एनआयओएसचं मूल त्यात दुसऱ्या मंडळाचा विद्यार्थी म्हणून अर्ज करतं आणि गुणपत्रिका अपलोड करतं. एनआयओएसकडून स्थलांतर प्रमाणपत्रही मिळतं. ते जपून ठेवा, पुढं विद्यापीठ मागतं.

विज्ञान घ्यायचं असेल तर शक्यतो अकरावीला नियमित कॉलेज धरावं. प्रयोगशाळा मिळते आणि जात पडताळणीचा अर्जही कॉलेजमार्फत जातो. बारावी एनआयओएसमधूनच करायची असेल तर अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना दहावी-बारावी कुठून केली हे बघतात. आयटीआय आणि पॉलिटेक्निकचा रस्ताही दहावीवर उघडतो.

कागद आधी, अभ्यास सोबत

शाळेत जाणाऱ्या मुलाचे निम्मे कागद शाळाच करते. घरी शिकणाऱ्याचे पालकांनाच करावे लागतात. जन्म दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव, आडनाव, जन्मतारीख एकसारखी आहे का ते आजच बघा. एका अक्षराचा फरकही पुढं आडवा येतो. जन्माची नोंदच नसेल तर एक वर्षानंतरच्या नोंदीला महसूल अधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा, आजोबांचा, चुलत्याचा शाळेचा दाखला शोधा. मूल जिथं पहिलीला गेलं असेल त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून ठेवा.

अभ्यासात घरच्या मुलाची एकच बाजू हमखास कच्ची राहते, ती म्हणजे घड्याळ लावून लिहिणं. तोंडी सगळं येतं, पण तीन तास बसून पेपर लिहायची सवय नसते. परीक्षेच्या निदान सहा महिने आधी दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घ्या. तपासायला गावातल्याच एखाद्या गुरुजींना किंवा मॅडमना विनंती करा.

घरबसल्या पासची जाहिरात

परीक्षेला न बसता, एका महिन्यात दहावी-बारावी पास, अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. भारदस्त नावाची मंडळं सांगतात आणि चकचकीत गुणपत्रिका देतात. मंडळाला मान्यता नसेल तर ती गुणपत्रिका अकरावीला, आयटीआयला, पोलीस भरतीला कुठंच चालत नाही. पैसे जातात आणि वर्षही जातं. कुणी परीक्षाच नाही म्हणालं, की तिथूनच उठावं. अर्ज मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा, पावती घ्या आणि मोबाईल नंबर एजंटचा न देता घरचा द्या. परीक्षेचे निरोप त्याच नंबरवर येतात.

घरात तेरा-चौदा वर्षांचं असं मूल असेल तर या आठवड्यात तीन कामं करा. त्याचा शाळेचा दाखला शोधा, आधारवरची जन्मतारीख तपासा आणि जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन 17 नंबरचं संपर्क केंद्र कुठं आहे ते विचारा. पाचवीचा कागद सापडलाच नाही तर एनआयओएसच्या अभ्यास केंद्रात चौकशी करा.