पेटीतल्या बाळाजवळ आई हवीच

“बाळाला पेटीत ठेवले आहे,” एवढे ऐकले की घरच्यांचा धीर सुटतो. नवजात अतिदक्षता विभागात मी नोकरीला लागलो, तेव्हा आम्ही आई-वडिलांना दाराबाहेरच थांबवत असू. कारण जंतुसंसर्गाची भीती. आईने वाटीत दूध काढून द्यावे, काचेतून बाळ पाहावे आणि जावे. एका बाळंतिणीने विसाव्या दिवशी घरी निघताना मला विचारले, “डॉक्टर, ह्याला धरायचं कसं?” वजन वाढवून दिल्याचा आम्हाला आनंद, आणि तिला स्वतःचे बाळ उचलता येईना! तो प्रश्न मला पुढे बरीच वर्षे टोचत राहिला.

कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडत. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू पद्धत’. आईच्या अंगाची ऊब मिळाल्याने बाळ गार पडत नाही आणि आईला दूधही चांगले येते. पूर्वी आम्ही बाळाची प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबत होतो. २०२१ साली भारतासह पाच देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर ही ऊब दिल्यावर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मात्र व्हेंटिलेटरवरच्या बाळाबाबत डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये सरकारी नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार आई-वडिलांना शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घ्यायचे असते. तेव्हा “आम्ही आत येऊ का?” असे विचारायला संकोचू नका.

बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत. खोकला-सर्दी असेल तर आधी सिस्टरला सांगावे. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून दोन्ही स्तनांच्या मधे उभे धरावे. मान एका बाजूला, किंचित वर. नाक मोकळे दिसले पाहिजे. वरून कपड्याने नीट बांधून घ्यावे. आईने मागे टेकून बसावे आणि एका वेळी निदान तासभर तरी उठू नये. दिवसभरात मिळून आठ तासांहून अधिक, जितके जमेल तितके चांगले.

आई दमली की वडिलांनी किंवा आजीने बसावे. वडील आधी लाजतात, “मला नाही जमणार” म्हणतात. मग बाळ छातीवर झोपले की त्यांना उठवणे आम्हालाच अवघड जाते.