लोकरीचा रंग बदलताना

मुलांनो, हिवाळा आला की पेटीतले स्वेटर बाहेर निघतात. त्यांतला एखादा लहान झालेला असतो. तो उसवला की पुष्कळ लोकर हाती येते. एका रंगाची लोकर मफलरला पुरत नाही. पण दोन रंगांची लोकर घेतली, तर पट्ट्यांचा छान मफलर होतो. मात्र रंग नीट बदलता आला नाही, तर गाठी दिसतात, भोके पडतात आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून हे काम कसे करावे, ते आज पाहू.

आधी काही शब्द समजून घ्या. उर्दूत आपण ज्याला 'ऊन' म्हणतो, ती मराठीत 'लोकर'. मराठीत 'ऊन' म्हणजे धूप! दुकानात जाऊन 'ऊन द्या' म्हणालात, तर दुकानदार आकाशाकडे बोट दाखवील. 'सलाई' म्हणजे विणायची सुई आणि 'फंदा' म्हणजे टाका. सीधा फंदा तो सुलट टाका, उलटा फंदा तो उलट टाका.

सुयांवरचे विणकाम फार जुने आहे. इजिप्तमध्ये, म्हणजे मिसर देशात, निळ्या व पांढऱ्या सुताचे विणलेले मोजे सापडले आहेत. ते शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत. दोन रंगांची ही हौस तेव्हापासूनची आहे.

मालेगाव, भिवंडी येथील मुलांनी माग पाहिला असेल. मागावर ताना आणि बाना, म्हणजे उभे आणि आडवे धागे असतात. सुयांवर विणताना मात्र एकच धागा असतो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून निघतो. म्हणून धाग्याचे टोक सुटले, की शेजारचे टाकेही सैल होऊ लागतात. रंग बदलताना सगळी काळजी या टोकांचीच घ्यायची असते.

आता मफलर विणू. ८ नंबरच्या सुया घ्या. पांढऱ्या लोकरीचे ४० टाके घाला आणि ४ ओळी सुलट विणा. पाचव्या ओळीच्या सुरुवातीला निळी लोकर घ्या. ओळीच्या मध्येच रंग बदलू नका. निळ्या लोकरीचे सुमारे १५ सेंटिमीटर टोक मोकळे सोडा. ते बोटाने धरून पहिला टाका निळ्या लोकरीने विणा. पहिले दोन-तीन टाके सैल वाटतील. ओळ पूर्ण झाल्यावर टोक हलकेच ओढा, म्हणजे ते नीट बसतील. घट्ट गाठ मारू नका. गाठ कडक राहते, गळ्याला टोचते आणि लोकर गुळगुळीत असेल तर धुताना सुटतेही.

पांढरी लोकर कापू नका. ती कडेला तशीच राहू द्या. निळ्या रंगाच्या २ ओळी झाल्या, की तुम्ही पुन्हा त्याच कडेला येता. तेथे दोन्ही धाग्यांना एकदा पीळ द्या आणि पुढे विणा. ४ निळ्या ओळी झाल्यावर पांढरी लोकर वर घ्या. ती फार ओढू नका. नाहीतर कड आकसते. फार सैलही ठेवू नका. नाहीतर बाजूला फास लोंबतात.

पट्ट्यात २, ४ किंवा ६ अशा सम ओळी का घ्याव्यात, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. विषम ओळी घेतल्या, तर एक धागा या कडेला आणि दुसरा त्या कडेला राहतो. मग लोकर कापावी लागते. ५० पट्टे असतील आणि प्रत्येक वेळी लोकर कापली, तर लपवायला १०० टोके होतात! पट्टा फार रुंद असेल, तरच लोकर कापावी.

आणखी एक गोष्ट. नवा रंग नेहमी सुलट बाजूकडूनच सुरू करा. तेथे दोन रंगांमधली रेघ सरळ दिसते. उलट बाजूला मात्र दोन्ही रंगांचे ठिपके दिसतात. तो दोष नाही. ती विणीची रीतच आहे.

गुंडा संपत आला, तर उरलेला धागा मफलरच्या रुंदीच्या चौपट आहे का, ते पाहा. नसेल तर नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा.

शेवटी टोके लपवा. मोठ्या छिद्राच्या बोथट सुईत टोक ओवा. उलट बाजूने, त्याच रंगाच्या पट्ट्यातून ते ५-६ सेंटिमीटर न्या आणि थोडे मागे आणा. मफलर एकदा ताणून पाहा आणि मगच उरलेला धागा कापा.

कोणी मफलरची तारीफ केली, तर त्यांना उलट बाजूही दाखवा. जी बाजू लोकांना दिसत नाही, तीही स्वच्छ असली, तरच काम चांगले झाले असे समजा.

स्वाध्याय

१. रंग बदलताना गाठ का मारू नये?
२. पट्ट्यात सम ओळी घेतल्याने कोणता फायदा होतो?
३. 'ऊन' या शब्दाचा मराठीतील व उर्दूतील अर्थ सांगून दोन वाक्ये लिहा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : सैल, सुलट, सम, रुंद.